डासांना समजावणारं तेल

‘किती छान,’ असं सावनी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली. आवाज तिचाच होता, पण धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवल्यासारखा. समोर अपेक्षाताई काचेच्या दांडीनं तिच्या मनगटावर तेलाचा थेंब टेकवत होत्या आणि सांगत होत्या, की आम्ही डासांना मारत नाही गं, मारणं हा आपला विचारच नाही, आम्ही त्यांना फक्त समजावतो, की बाबांनो, इथं येऊ नका. हे सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटले होते. दुकान म्हणजे ज्योतीनगरातल्या त्यांच्याच बंगल्याचं गॅरेज. लांबलचक गाडी बाहेर उन्हात उभी करून आत सारवलेल्या जमिनीसारखी दिसणारी फरशी बसवलेली, भिंतीला सूप आणि रोळी टांगलेली. ती सुपं आयुष्यात कधी पाखडली गेली नव्हती आणि जाणारही नव्हती. फळीवर दोन रंगांच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. पिवळीत गवती चहाचं आणि सिट्रोनेलाचं तेल, हिरवीत कडुनिंब आणि खोबरेल. नाताळच्या सुटीत चार कुटुंबं अंदमानला निघाली होती, चौघींचेही नवरे शेंद्र्याच्या एकाच कारखान्यातले, आणि अपेक्षाताईंचे यजमान त्या कारखान्याचे प्रमुख. तेव्हा विमानाची तिकिटं कुणीही काढोत, सगळ्यांच्या कातडीची जबाबदारी अपेक्षाताईंनी आपण होऊन घेतली होती. बेटावरचं रिसॉर्ट निसर्गप्रेमी होतं, तिथं केमिकल लावून जायला लाज वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पिवळी की हिरवी, एवढंच प्रत्येकीनं ठरवायचं. शेजारी श्रेया उभी होती, चौघींतली सगळ्यांत लहान, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. तिनं भीत भीत विचारलं, ‘बाळाला चालेल ना, ताई?’ त्यावर अपेक्षाताई हसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, निसर्गातलंच आहे सगळं. निसर्ग कुणाला कधी त्रास देतो का?’ धोतरा निसर्गातलाच, फुरसं निसर्गातलंच, आणि डास काय शेंद्र्याच्या कारखान्यात बनतात? हे सगळं सावनीच्या जिभेच्या टोकावर उभं होतं. तिथून बाहेर पडलं ते मात्र ‘किती छान’.

दोन्ही बाटल्या ‘बघून सांगते’ म्हणून पर्समध्ये टाकून ती स्कूटीवर बसली, तेव्हा मनगटाचा वास हेल्मेटच्या आत शिरला आणि घरापर्यंत उतरला नाही. क्रांती चौकाच्या सिग्नलला उभी असताना तिनं मनातल्या मनात अपेक्षाताईंना पुन्हा उभं केलं आणि या खेपेला नीट ऐकवलं. समजावता होय डासांना? मग आमच्या सार्थकला चावला त्याला का नाही समजावलंत? सगळ्यांत हुशार बोलणी तिला सिग्नललाच सुचायची. सार्थक सहा वर्षांचा, गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास त्याला डेंग्यू झाला होता. तापानं पोर नुसतं तव्यासारखं तापायचं. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणायचं, आणि डोळ्यांच्या मागं हात कसा लावायचा ते तिला कळायचं नाही. रोज सकाळी रक्त तपासायला न्यायचे आणि रोज प्लेटलेट खाली. सलाईन लावलेला तो हात लाकडाच्या फळीला चिकटपट्टीनं बांधलेला होता, आणि ती त्या हाताकडे बघत बसायची, जणू बघत राहिलं तर रक्तातलं काहीतरी धरून ठेवता येईल. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, एकदा झाला म्हणजे सुटलात असं समजू नका. दुसऱ्यांदा झाला तर पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतो, याला आता डास चावताच कामा नये. कुठलं क्रीम लावायचं तेही सांगितलं होतं, किती लावायचं, कुठं लावायचं नाही, सगळं. म्हणजे निवडायचं असं काही नव्हतंच. पिवळी की हिरवी, हा प्रश्नच खोटा होता. आणि खोट्या प्रश्नावर दोन आठवडे चार शिकलेल्या बायका फोनवर पानंच्या पानं लिहीत होत्या, फुलांची, पानांची, जोडलेल्या हातांची चित्रं टाकत होत्या. सावनीनंही टाकली होती. तिचं ते हिरवं पान अजून तिथं असेल.

आणि तो डास आला होता कुठून, तर तिच्याच गॅलरीतून. शहरात नळाला पाणी येतं त्याचं कौतुक सणासारखं. आलं की टाकी, ड्रम, बादल्या, पातेली, जे उघडं दिसेल ते भरायचं. त्यातून उरलेलं अमेयनं मातीच्या पसरट परळात घालून कठड्यावर ठेवलं होतं, पाखरांसाठी. अमेय हा तिचा नवरा, भला माणूस, कुणाचं मन मोडवत नाही आणि मोबाइलवर वाचलेलं खोटं वाटत नाही. पाखरं दोनदा आली असतील. पाणी टाकून द्यायला जीव होईना, मग त्यातच रोज थोडी भर. पोरगा दवाखान्यात असताना एकदा ती कपडे घ्यायला घरी आली आणि त्या परळात बघितलं, तर पाण्यात बारीक काळ्या अळ्या वळवळत होत्या, आनंदानं, उलट्यासुलट्या, जणू जत्रा भरलीय. भूतदया म्हणतात ती ही. तिनं परळ उचलून पालथं केलं. अमेयला तिनं हे सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि त्याला थोपटायला तिच्यात बळ नव्हतं. परळ कुठंय असं त्यानं पुढं कधी विचारलं नाही. विचारत नाहीत ती माणसं भाग्यवान, असं तिला वाटायचं, आणि त्या वाटण्यात थोडा तिटकारा असायचा, पोळीला लागलेल्या राखेसारखा, झटकला तरी चव ठेवणारा.

पण मग बोलता का येत नाही? पस्तिशी ओलांडलेली बाई, दोन पदव्या, स्वतःची नोकरी, आणि एका गॅरेजमध्ये जीभ टाळ्याला चिकटते. याचं मूळ तिला ठाऊक होतं, आणि त्या मुळाचाही तिला राग होता. तिचे वडील श्रीनिवासबुवा कीर्तनकार. करमाडपासून पैठणपर्यंत आणि तिकडं खुलताबादच्या घाटावरच्या वाड्यावस्त्यांवर, जिथून बोलावणं येईल तिथं जायचे. शाळेला सुटी असली की आई आणि सावनीही सोबत. आई पेटी धरायची, सावनी झांज. सात दिवस यजमानाच्या घरी मुक्काम. बुवांच्या घरात एक नेम होता, तो कुठल्या पोथीत लिहिलेला नव्हता, पण पोथीपेक्षा पक्का होता. बुवांच्या माणसांनी यजमानाच्या घरच्या कशालाही नाव ठेवायचं नाही. भात करपला तरी छान, वरण पाणी असलं तरी छान. ज्याच्या दारात हरिकथा झाली त्याच्या घरचं काही वाईट असूच शकत नाही, असं बाबा म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. त्यांना करपलेला भात खरोखरच गोड लागायचा. आईला मात्र लागत नसावा. एका गावी निजायला दिलेल्या गादीत ढेकूण होते. एखाददुसरा नव्हे, शिवणीशिवणीत. सावनी रात्रभर आईच्या अंगावर चढून बसली होती. सकाळी त्या घरची मालकीण चहा घेऊन आली आणि मोठ्या मायेनं म्हणाली, झोप लागली का, वहिनी? आईच्या गळ्यावर, दंडावर, थेट कानाच्या पाळीपर्यंत लाल गांधी उठल्या होत्या, बाईला दिसत नव्हत्या असं नाही. आई पदर ओढून घेत म्हणाली, ‘छान लागली.’ त्या बाईलाही हायसं वाटलं. दोघी हसल्या. सावनीला तेव्हा आईची कीव आली होती. कीव मोठी होत होत तिचं पुढं काय झालं हे सांगणं बरं नव्हे, कारण आई आता नाही आणि बाबाही नाहीत. पण इंजिनिअर होऊन, सिडकोत फ्लॅट घेऊन, स्वतःच्या पैशाच्या गादीवर निजूनही ती अजून कुणाच्या तरी घरी मुक्कामालाच आहे. यजमान बदलले, एवढंच.

संध्याकाळी अमेयसमोर तिनं बाटल्या ठेवल्या. त्यानं दोन्हींचा वास घेतला, लेबलं वाचली, आणि तो म्हणाला, की नेटवर दोन्हींबद्दल चांगलं लिहिलंय. डॉक्टरांचं काय, असं तिनं विचारलं. डॉक्टर बरोबरच आहेत, तो म्हणाला, पण साहेबांच्या घरचं एवढं प्रेमानं चाललंय, आपणच काय वेगळं, बाकीची मुलं काय मुलं नाहीत का. शिवाय तिथं समुद्राचा वारा असतो, वाऱ्यात डास टिकत नाहीत. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं, म्हणजे दिवसभर जमवून ठेवलं असावं. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, ‘एप्रिलमध्ये बढतीचं आहे, सावनी.’ बोलला ते एका अर्थी बरंच झालं. तोवर तिला वाटत होतं, की नवरा भोळा आहे. ‘दोन्ही लावून बघते,’ ती म्हणाली. तिच्यातल्या इंजिनिअरला एक वाट सुचली होती, आणि ती तिला भारी पसंत पडली, कारण त्या वाटेनं गेलं तर कुणाशी भांडावं लागत नव्हतं. तेलं आपल्या अंगावर लावून बघायची. एका हाताला पिवळं, एका हाताला हिरवं, आणि बसायचं डासांत. मोजमाप हातात असलं की मग बोलता येतं. मी म्हणत नाही, हात म्हणतात. डास कुठं मिळतील याचाही विचार करावा लागला नाही. कॉलनीतल्या दत्तमंदिरात जयंतीचा सप्ताह सुरू होता, मागं नाला, पुढं उघडं पटांगण, दिवस मावळायच्या वेळेला कीर्तन. तिथं बसणारा भाविक आधी डासांना नैवेद्य दाखवतो आणि मग देवाला.

कीर्तनाला जाताना देह चपलांपाशी ठेवून जावं, असं बाबा सांगायचे. पळवून न्यायला कुणी येत नाही, परत जाताना घालून जा. सावनी त्या दिवशी नेमका देहच घेऊन गेली आणि बाकीचं सगळं चपलांपाशी ठेवलं. बाह्या कोपरापर्यंत सारून ती बायकांच्या बाजूला कडेला बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे, परीक्षेला ठेवल्यासारखे. बुवा परभणीकडचे होते, तिच्याच वयाचे. फेटा जरा जास्तच कडक, आणि मंगलाचरण झाल्याबरोबर त्यांनी मोबाइलवरचा विनोद केला. सावनीनं नाक मुरडलं. बाबांनी नारदाच्या गादीवर उभं राहून असले विनोद केले नसते. पूर्वरंग सुरू झाला, निरूपण ठीकच होतं, आवाज मात्र खणखणीत. ती हातांकडे बघत होती. उजव्यावर एक डास आला, घिरटी घालून गेला. डाव्यावर एकही नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या द्वारकाबाई तीनतीनदा मागं वळून बघत होत्या. द्वारकाबाई करमाडकडच्या, लेकाच्या नोकरीमुळं शहरात आलेल्या, कॉलनीत त्यांना न कळलेलं काही घडत नसे. शेवटी न राहवून त्या मागं झुकल्या आणि म्हणाल्या, ‘काय लावलंस गं बाई अंगाला? गवती चहाचं आधण ठिवल्यावानी वास मारायलाय. अन् सारखी हाताकडंच काय बघायलीस, मेंदी काढलीस व्हय?’ आजूबाजूच्या दोघीतिघी खुदकन हसल्या. सावनीनं हसल्यासारखं केलं आणि मनात म्हटलं, तुम्हाला काय कळणार. म्हटल्यावर लक्षात आलं, की हे वाक्य अपेक्षाताईंच्या तोंडात जास्त शोभलं असतं. तिनं आठवून बघितलं, या चार दिवसांत आपण कुणाकुणाला तुच्छ लेखलं. अपेक्षाताई, श्रेया, अमेय, गेलेली आई, परभणीचे बुवा, आता द्वारकाबाई. पटांगणात नारद स्वतः येऊन बसले असते तरी तिनं त्यांच्या वीणेला काहीतरी म्हटलं असतं.

मध्यंतरात यजमानांनी बुवांना हार घातला, सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागला, आणि बुवा उत्तररंगाला उभे राहिले. गोष्ट एका गुरवाच्या बायकोची होती. डोंगरावरचं देऊळ, त्यातला नंदादीप, तो विझू द्यायचा नाही हे त्या घराचं पिढ्यांचं व्रत. नवरा परगावी गेलेला, म्हणून दिव्यापाशी ती बसली. बाहेर वादळ सुटलं. देवळाला दार नाही. तिनं पदराचा आडोसा केला, मग पाठीचा केला. खाली वस्तीवर तिचं लेकरू तापानं फणफणलेलं, शेजारणीच्या भरवशावर. आणि वाऱ्याबरोबर त्याचं रडणं वर येतंय, की तसा भास होतोय, ते तिला कळेना. इथं बुवांनी पेटीवाल्याला हातानं थांबवलं आणि नुसत्या गळ्यानं त्या बाईचा विचार म्हटला. उठले तर दिवा जातो, बसले तर लेकरू जातं. ते विचाराचं गाणं नव्हतंच, चार सुरांत फिरणारं काहीतरी, जाऊन परत येणारं, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येणारं. आणि दर खेपेला बुवा एक पाऊल पुढं टाकायचे आणि मागं घ्यायचे. फेट्याचा एक पीळ सुटून खांद्यावर आला होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. सावनीला बाबा दिसले नाहीत. बाबा दिसावेत असं तिला वाटलंसुद्धा नाही. तिला ती बाई दिसत होती, तिची ओली पाठ, तिचे उंबऱ्याशी घुटमळणारे पाय. शेवटी बाई उठली. देवाला म्हणाली, तुला जे करायचं ते कर, मी चालले. डोंगर उतरून धावत गेली, रात्रभर पोराच्या उशाशी बसली, पहाटे घाम येऊन ताप उतरला, तेव्हा तिला दिव्याची आठवण झाली. आता देवळात अंधार असणार, पिढ्यांचं व्रत आपल्या हातानं मोडलं, अशी कापत कापत वर आली. तर दिवा जळतोय. देव जागेवरच, पण त्याचा एक हात किंचित पुढं आलेला, आणि दगडी तळव्याला काजळी. बुवा इथं पुष्कळ वेळ थांबले. मग अगदी साध्या आवाजात, घरात बोलतात तसं, ते म्हणाले, ‘देव तिला म्हणाला, वेडे, दिवा माझा होता. माझं मी बघतो. तुझं होतं ते तू बघायचं होतंस, अन् त्याला तू किती उशीर केलास.’

किती उशीर केलास. टाळांचा गजर सुरू झाला, लोक उभे राहिले, आरतीचं तबक फिरू लागलं, आणि सावनी उभी राहून टाळ्या वाजवत होती. बऱ्याच वेळानं तिला जाणवलं, की हात जळताहेत. ती खाली बघायला लागली. उजव्या हातावर गांधी, डाव्या हातावर गांधी. कोपराच्या आत, मनगटाच्या हाडावर, बोटांच्या पेरांवर, जिथं पोचता आलं तिथं डासांनी सावकाश, बैठक मारून जेवण केलं होतं. पिवळ्या हाताला आधी चावले की हिरव्या? कधी चावले? तेल किती वेळ टिकलं? तिला काहीही ठाऊक नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी ती आली होती तीच तिच्या हातून निसटली होती. पहिल्यांदा तिला स्वतःचं हसू आलं, कडवट, नाकातून आलेलं. तिच्या कामावर असला प्रयोग कुणी करून आणला असता तर तिनं त्याला दारात उभं केलं नसतं. मग ते हसू मधेच थांबलं. बाटलीवर लिहिलंय, दर तासाला पुन्हा लावा. समुद्रावर सार्थक पाण्यात, वाळूत, मुलांच्या घोळक्यात. ओला होणार, पुसला जाणार, पळणार. दर तासाला लावायचं म्हणजे दर तासाला आठवायचं, आणि आठवणारी कोण, तर ती. आपले स्वतःचे हात, मुद्दाम बघायला आणलेले, मांडीवर ठेवलेले, ते तिला एका गोष्टीपुढं आठवले नव्हते. याहून स्वच्छ उत्तर कुठलं प्रयोगशाळेतलं मशीन देणार होतं? तेल वाईट असेल नसेल. तिचं लक्ष वाईट होतं. आणि माणसाचं लक्ष कुठं ना कुठं जाणारच, सुरात जाईल, समुद्रात जाईल, नाहीतर नुसतं दुसऱ्यांना मनातल्या मनात टोचत बसण्यात जाईल.

चपला शोधत असतानाच तिनं अपेक्षाताईंना फोन लावला. आधी त्यांना खासगीत सांगावं, असं तिनं ठरवलं, आणि त्याला सभ्यता असं नाव दिलं. खरं तर चौघींसमोर बोलायची अजून छाती होत नव्हती. सार्थकला मागं डेंग्यू झालेला, डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीमच लावावं लागणार, तुम्ही कृपा करून राग मानू नका, असं काहीबाही तिनं पुटपुटून टाकलं. पलीकडं अपेक्षाताई हसल्या, खऱ्या हसल्या, गॅरेजमध्ये हसायच्या तशा नव्हे. म्हणाल्या, ‘अगं वेडे, एवढंच ना? मुलींना मीसुद्धा तेच लावते. पोरांच्या बाबतीत कुणी धोका पत्करतं का? तू असं कर, पिवळी बाटली रिकामी कर आणि त्यात भर. मी तेच केलंय. कुणाला काय कळतंय.’

सावनी म्हणाली, बरं. फोन ठेवला. झालं. पोरगं सुटलं, बढती सुटली, यजमानीण हसली. बाटलीत भरायचं आणि निघायचं. तिनं डोळे मिटले आणि अपेक्षाताईंचा तिरस्कार करायचा मनापासून प्रयत्न केला, एवढं आयतं कारण पुन्हा कधी मिळालं नसतं. पण तो येईना. ती बाई निदान स्वतःच्या मुलींपुरती खोटं बोलत नव्हती. शिवाय ‘बरं’ कोण म्हणालं होतं आत्ता? मग तिला श्रेयाचं बाळ दिसलं. कडेवरचं, दात न आलेलं, आपल्याच मुठीला चोखणारं. श्रेयानं त्या दिवशी दोन्ही रंग घेतले होते, जास्तीचे. बाळाच्या गालाला लावून बघितलं होतं आणि बाकीच्या तिघींकडं वळून हसली होती, कुणीतरी मान हलवावी म्हणून. मान कुणी हलवली होती ते सावनीला चांगलं माहीत होतं.

अमेय सार्थकला घेऊन तिला न्यायला आला होता. पोरगं धावत प्रसादाच्या रांगेत शिरलं. गांधी बघून अमेय चपापला आणि मग हसून म्हणाला, कुठली जिंकली? ती म्हणाली, माहीत नाही, ऐकत बसले. तो म्हणाला, मग उद्या पुन्हा बस. मंदिराच्या ओट्याला टेकून ती फोनवर लिहीत होती, चार कुटुंबांच्या त्या ग्रुपवर, आणि बोटं सुजल्यामुळं अक्षरं चुकत होती. तिनं लिहिलं, सार्थकला डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीमच लावणार आहोत, त्याला डेंग्यू होऊन गेलाय. तेलं दर तासाला आठवणीनं लावावी लागतात, माझ्याच्यानं तेवढं लक्ष राहत नाही, मी आज बघितलं. श्रेया, बाळाला काहीही लावायच्या आधी त्याच्या डॉक्टरांना विचार, त्या दिवशी मी उगाच मान हलवली. त्यापुढं तिनं आणखी एक ओळ लिहिली, अपेक्षाताईंच्या बाटलीत काय आहे त्याची. वाचली. सगळ्या मजकुरात हीच एक ओळ न चुकता, चवीनं लिहिली गेली होती. तिनं ती खोडली. बाळाला त्या ओळीचा काही उपयोग नव्हता, फक्त तिला होता. उरलेलं तिनं पाठवून दिलं.

अमेयच्या खिशात फोन वाजला, त्यानं काढून बघितलं, आणि मंदिराच्या ट्यूबलाइटखाली त्याचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. ‘सावनी,’ तो म्हणाला, ‘हे काय लिहिलंस?’

‘वाच की. मराठीतच आहे.’

‘अगं, पण साहेबांच्या घरचं...’

‘साहेबांचं साहेब बघतील.’

सार्थक प्रसादाचा द्रोण दोन्ही हातांनी सांभाळत येत होता, शिरा सांडू नये म्हणून पावलं मोजून टाकल्यासारखी टाकत, आणि त्याच्या उघड्या पोटरीवर दोन डास बसायला जागा शोधत होते. सावनी वाकली, तिनं त्याची पोटरी तळहातानं पुसली आणि हात तिथंच धरून ठेवला. तेवढ्यात अमेयच्या हातातला फोन पुन्हा वाजायला लागला, या खेपेला सलग. पडद्यावर साहेबांचं नाव होतं. अमेय त्या नावाकडं बघत राहिला, मग तिच्याकडं, लहान पोरानं बघावं तसं.

‘उचल,’ सावनी म्हणाली. ‘नाहीतर इकडं दे.’